चौदा वॉर्डांची सरळ यादी

मित्रांनो, मी एक जुनी ओळ आहे. कवितेची नव्हे आणि शाळेच्या वहीतलीही नव्हे. एका मोठ्या रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात, कोपऱ्यातल्या काचेच्या खोलीत एक करडा संगणक आहे. त्याच्यातल्या एका प्रोग्राममध्ये मी राहते. माझी लांबी म्हणाल तर जेमतेम वीतभर. दोन्ही बाजूंना चौकोनी कंस आहेत आणि त्यांच्यामध्ये मी अंग चोरून बसलेली आहे. मला हातपाय नाहीत. तरी या घराची मला खडान्‌खडा माहिती आहे, कारण माझ्यासमोर बसून माणसे फार बोलतात. जे माझ्यासमोर घडले नाही, तेही मला त्यांच्याच बोलण्यातून कळले.

दिवसातून तीनदा मला जाग येते, सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी. जाग म्हणजे तरी किती, डोळ्याचे पाते लवते न लवते तेवढीच. मग पुन्हा झोप. झोपेत मला शीतकपाटाची घुरघुर जाणवते, काचेवर वाफ धरते, भांडी धुण्याचा आवाज लांबून येतो. आणि जागी झाले की नावे येतात. शेकडो नावे. ती माझ्यातून अशी सरकत जातात की मला वाटते, मी एक दार आहे आणि सगळे गाव माझ्यातून चालले आहे.

माझे काम सोपे आहे. समजा, एका मोठ्या डब्यात चौदा लहान डब्या आहेत. प्रत्येक डबीवर एका वॉर्डाचा क्रमांक आहे आणि आत त्या वॉर्डातल्या आजाऱ्यांची नावे आहेत. कुठे तीस, कुठे सात. स्वयंपाकघराला डब्या नको असतात. त्यांना हवी असते एक लांब, सरळ यादी, म्हणजे एका नावाला एक चिठ्ठी आणि एका चिठ्ठीला एक ताट. मी प्रत्येक डबी उघडते, आतले प्रत्येक नाव बाहेर काढते आणि एकामागे एक ठेवते. क्रम मोडत नाही, कुणाला दोनदा घेत नाही, कुणाला विसरत नाही. सकाळी दहा वाजल्यानंतर जे नव्याने दाखल होतात त्यांची वेगळी यादी येते. ती माझ्या शेपटाला एका अधिकच्या चिन्हाने जोडलेली आहे. झाली एक यादी.

माणसांच्या भाषेत मला वाचायचे तर असे वाचता येईल: नाव, प्रत्येक वॉर्डासाठी, त्या वॉर्डातल्या प्रत्येक नावासाठी. उलटे वाटते ना? आधी काय हवे ते सांगायचे, मग ते कुठून आणायचे ते. पण आई तुम्हांला बाजारात धाडते तेव्हा तरी काय करते? आधी वस्तू सांगते, मग दुकान.

माझ्याआधी इथे नऊ ओळी राहत होत्या. त्या माझ्या पूर्वज म्हणायला हव्यात, म्हणून त्यांच्याविषयी वाईट बोलत नाही. पण खोड एक होती. त्या आधी एक रिकामी यादी घ्यायच्या आणि एकेक नाव तिच्यात टाकत जायच्या. दर वेळी ती यादी आधी रिकामी करावी लागे. एकदा कुणीतरी काही दुरुस्त करायला गेले आणि ती रिकामी करणारी ओळच पुसून बसले. झाले! कालची नावे आजच्या नावांत मिसळली. जी माणसे बरी होऊन घरी गेली होती त्यांच्या खाटांवर ताटे जाऊन पोहोचली.

स्वयंपाकघराच्या प्रमुख असलेल्या बाईंना सगळे मावशी म्हणतात. त्या काचेच्या खोलीत येऊन प्रोग्राम लिहिणाऱ्या ताईवर उखडल्या.

"अगं, त्या सुतारदादांना काल मी स्वतः हात हलवून निरोप दिला. आज त्यांच्या नावाचं ताट काय वाढतेस? परत बोलावतेस की काय त्यांना?"

"मावशी, थांबा जरा. बघते."

"बघ, बघ. मी तोवर घरी गेलेल्यांना जेवायला घालते."

ताईने खुर्ची पुढे ओढली. तेव्हा तिचे केस काळेभोर होते आणि पेन नेहमी अंबाड्यात खोचलेले असायचे. तिने नऊही ओळी पुसल्या आणि त्यांच्या जागी मला लिहिले. माझी खुबी ही की मी यादी दर वेळी नव्याने जन्माला घालते. माझ्याजवळ कालचे काही उरत नाही. काल कोण आले, कोण गेले, मला आठवतच नाही. हे सांगताना मला थोडे वाईटही वाटते. इतकी नावे माझ्यातून गेली, पण एकही माझ्याजवळ थांबले नाही.

पुढची वर्षे माझी कौतुकात गेली. दुसऱ्या रुग्णालयांतून लोक यायचे, पडद्यावर वाकून पाहायचे आणि विचारायचे, "एवढंच?" ताई म्हणायची, "एवढंच." मी मनातल्या मनात मिशी नसताना मिशीला पीळ द्यायचे. मावशींना संगणकातले ओ की ठो कळत नव्हते, पण त्याही मला ओळखायच्या. ताई उशिरा आली की त्या म्हणायच्या, "तुझ्यापेक्षा तुझी ती ओळ बरी गं. रोज वेळेवर उठते."

मावशींची एक रीत होती. चिठ्ठी ताटावर ठेवताना त्या तिच्यावरचे नाव मोठ्याने म्हणायच्या. अडीचशे ताटे असली तरी अडीचशे नावे. मोठे साहेब, म्हणजे रुग्णालयाचे व्यवस्थापक, एकदा घड्याळ लावून उभे राहिले आणि म्हणाले, "यात रोज अकरा मिनिटं जातात." मावशी म्हणाल्या, "जाऊ द्या की. त्या माणसांना आज दुसरं कोण हाक मारणार आहे, इंजेक्शनवाले सोडून?" साहेबांनी हात टेकले.

हळूहळू मी जुनी झाले. मला पाहायला येणारे थांबले. ताई बढती मिळून वरच्या मजल्यावर गेली आणि तिच्या खुर्चीत एक प्रोग्रामर गृहस्थ आले. दोन मुलींचे बाप, चष्मा कपाळावर सरकवून टेबलभर चष्मा शोधणारे. काहीही सांगितले की म्हणायचे, "फटाफट करतो." त्यामुळे स्वयंपाकघरात त्यांचे नावच फटाफट पडले. माणूस मनाचा चांगला. मला त्यांनी कधी हात लावला नाही, पण कधी नीट वाचलेही नाही. माझ्यापाशी आले की त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या आणि ते बाण दाबून पुढे जायचे. चालणाऱ्या गोष्टीकडे कोण बघते? मीही तक्रार केली नाही. तीनदा उठायचे, नावे ओळीत लावायची, झोपायचे.

आता मी तुम्हांला ज्या दुपारविषयी सांगणार आहे, तिच्याआधी शिवणाच्या बाईंची ओळख व्हायला हवी. त्या एका शाळेत मुलींना शिवणकाम शिकवायच्या. साठीच्या घरात आलेल्या. रक्ताचा मोठा आजार होऊन त्या पाचव्या वॉर्डात तीन आठवडे होत्या, आणि जोडीला मधुमेहही होता. त्यांचे नाव तीन आठवडे माझ्यातून रोज तीनदा गेले, मावशींनी ते रोज तीनदा मोठ्याने म्हटले. मग डॉक्टरांनी ठरवले की त्यांना कुणाच्या श्वासाचाही संसर्ग होता कामा नये. अकराव्या वॉर्डाच्या टोकाला एक नवी खोली तयार झाली, दोन दारांची, एकाच खाटेची. त्या दुपारच्या आधी, सकाळचे खाणे झाल्यावर, त्यांना तिथे हलवले. भेटायला कुणी येणार नाही. सख्खी बहीण आली तरी काचेपलीकडून हात हलवणार.

नवी खोली म्हणजे माझ्यासाठी नवी डबी. ती फटाफटांनी त्याच सकाळी तयार केली. प्रत्येक वॉर्डाची नावे कंसात येतात. पण इथे नाव एकच. त्यांनी मनाशी म्हटले, एकच तर बाई आहे, तिला कंस कशाला? आणि ते नाव तसेच उघडे ठेवून दिले.

मित्रांनो, माझा स्वभाव आता नीट समजून घ्या. माझ्यापुढे जे येईल ते मी उघडते. डबी आली तर डबी उघडते आणि आतली नावे काढते. डबीच्या जागी नुसते नाव आले तर? मला काय ठाऊक! मी नावच उघडते. आणि नावाच्या आत काय असते? अक्षरे.

त्या दुपारी मला नेहमीसारखी जाग आली. दहा वॉर्ड गेले, अकरावा गेला. मग काहीतरी वेगळेच माझ्यातून जाऊ लागले. हलके, तुटके. एक अक्षर गेले. मग एक काना, ज्याला धरायला अक्षरच नव्हते. मग दुसरे अक्षर. मग एक वेलांटी, एकटीच. मला स्वप्नात असल्यासारखे वाटले. कुणीतरी चालत येत होते आणि माझ्या उंबरठ्यावर त्याच्या चपला वेगळ्या, टोपी वेगळी, आवाज वेगळा होऊन पुढे जात होता. मी त्यांना एकामागे एक नीट क्रमाने ठेवले. तेवढेच मला येते. मग बारावा वॉर्ड आला आणि मी पुन्हा माणसांची नावे लावू लागले.

यंत्राने चिठ्ठ्या छापल्या. नावावरून खोली आणि पथ्य शोधून चिठ्ठीवर छापायचे काम माझ्या पुढच्या ओळींचे असते. त्यांना वेलांटीची खोली कुठून सापडणार? त्यांनी ती जागा कोरी सोडली.

मावशींनी अकराव्या वॉर्डाची शेवटची चिठ्ठी वाचली आणि पुढची हातात घेतली.

"हे काय? नुसतं एक अक्षर? आणि ही वेलांटी? वेलांटीला कुठलं पथ्य वाढू मी?"

चिठ्ठ्या फाडून देणारी बाई हसून म्हणाली, "मशीनला उचकी लागली असेल, मावशी. टाका केरात."

त्या दिवशी दोन माणसे रजेवर होती आणि ट्रॉल्या दारात खोळंबल्या होत्या. मावशींनी चिठ्ठ्या केरात टाकल्या नाहीत, पण वाचल्याही नाहीत. मिठाच्या बरणीखाली दाबून ठेवल्या आणि पुढचे नाव म्हटले.

अकराव्या वॉर्डाची ट्रॉली नेणारे काका ताटे वाटत टोकाच्या खोलीपर्यंत गेले. त्या खोलीसाठी ताट नव्हते. आता इथली पद्धत अशी की ज्याची काही तपासणी असते त्याला उपाशी ठेवतात आणि त्याचे ताट येत नाही. काकांना वाटले, बाईंची तपासणी असेल. ते ट्रॉली वळवून परत निघाले. त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही. रोज पाच-सहा खाटांना ताट नसतेच.

पण आत नर्सबाईंनी साडेबाराच्या ठोक्याला मधुमेहाचे इंजेक्शन दिले होते. ते घेतले की थोड्याच वेळात जेवावे लागते. नाही जेवले तर रक्तातली साखर उतरत जाते, घाम फुटतो, हात थरथरतात, आणि माणूस बेशुद्ध पडू शकते. ताट घड्याळाच्या काट्यावर येते, हे नर्सबाईंना इतकी वर्षे ठाऊक होते. त्या निर्धास्तपणे दुसऱ्या आजाऱ्याकडे गेल्या.

शिवणाच्या बाई वाट पाहत बसल्या. घंटा उशाशीच होती. पण त्यांनी विचार केला, असतील गडबडीत, येईल. एकटीसाठी कशाला घंटा वाजवायची? हे त्यांनी नंतर सांगितले तेव्हा मावशींनी डोळ्यांना पदर लावला होता.

सगळ्या ट्रॉल्या गेल्यावर मावशींनी हात पुसले आणि स्टुलावर टेकल्या. बरणीखालच्या चिठ्ठ्या त्यांना स्वस्थ बसू देईनात. त्यांनी त्या ओट्यावर काढल्या, जशा निघाल्या होत्या तशाच एकीपुढे एक मांडल्या, आणि मोठ्याने वाचू लागल्या. पहिल्यांदा नुसतेच आवाज आले. दुसऱ्यांदा जरा भरभर वाचल्या. तिसऱ्यांदा त्यांच्या तोंडून एक अख्खे नाव बाहेर पडले.

"अगं बाई! या तर शिवणाच्या बाई!"

पुढचे क्षणात झाले. त्यांना पथ्य तोंडपाठ होते, इंजेक्शनची वेळही. त्यांनी वॉर्डात फोन लावला. तो कुणी उचलेना. लिफ्टमध्ये रिकाम्या ट्रॉल्या अडकलेल्या. मावशींनी एका हातात ताट, दुसऱ्या हातात साखरपाण्याचा पेला घेतला आणि तीन जिने चढल्या. ज्या बाई एरवी गुडघ्यांच्या नावाने बोटे मोडतात, त्या कुठे थांबल्या नाहीत. वाटेत नर्सबाई दिसल्या तशा ओरडल्या, "टोकाची खोली! जेवलेल्या नाहीत त्या!"

शिवणाच्या बाई घामाने ओल्याचिंब झाल्या होत्या. नजर भलतीकडेच लागलेली, बोटे चादरीवर टाके घातल्यासारखी हलत होती. नर्सबाईंनी तोंड-हात धुऊन, मास्क चढवून साखरपाणी घोट घोट पाजले. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून एक मिनिट झाले होते. काही वेळाने बाईंनी मान वळवली आणि दाराच्या काचेतून मावशींना पाहून विचारले, "ताट माझंच आहे ना?" मावशींचा जीव भांड्यात पडला. त्या तिथेच जमिनीवर बसल्या.

दुसऱ्या दिवशी काचेच्या खोलीत माझा निवाडा झाला. साहेब, ताई, फटाफट आणि मावशी, सगळे माझ्याभोवती. साहेबांनी पडद्यावर बोट आपटले.

"ही ओळ काढून टाका. एवढीशी ओळ आणि कुणालाही वाचता येत नाही. आधीच्या नऊ परत आणा."

खरे सांगते, मित्रांनो, माझी पाचावर धारण बसली. पुसून टाकायला एक बोट पुरते. आणि त्याहून वाईट म्हणजे मला वाटले की त्यांचे बरोबर आहे. ते नाव माझ्याच उंबरठ्यावर मोडले होते.

ताई पडद्यापाशी आली. आता तिचे केस पांढरे झाले होते, पेन मात्र अंबाड्यातच होते.

"साहेब, त्या नऊ ओळींनीही हेच केलं असतं," ती म्हणाली. "चूक माझी आहे. हिला लिहिलं तेव्हा मी हिला तीस नावं देऊन पाहिली, रिकामा वॉर्ड देऊन पाहिला. एकटं, उघडं नाव आलं तर काय करशील, हे मी हिला कधी विचारलंच नाही."

फटाफट कोपऱ्यात उभे होते. त्यांचा चष्मा आज डोळ्यांवर होता. त्यांना गप्प राहता आले असते. खापर माझ्या डोक्यावर फुटलेच होते. पण ते पुढे आले.

"मी कंस घातला नव्हता," ते म्हणाले. "म्हटलं, एकच बाई आहे. कशाला उगीच." मग म्हणाले, "माझ्या आईला कुणी असं म्हटलं असतं तर मी त्याचं डोकं फोडलं असतं."

 साहेबांनी विचारले, "मग आता काय करायचं?"

फटाफट स्वतः खुर्चीत बसले. त्या दिवशी त्यांनी फटाफट काही केले नाही. शिवणाच्या बाईंच्या नावाच्या अलीकडे एक कंस घातला, पलीकडे एक घातला. मग माझ्या आधी एक राखणदार ओळ लिहिली. कुणाचेही नाव उघडे आले तर ती सगळे काम थांबवते आणि घंटा वाजवते. ताईने माझ्या डोक्यावर एक टीप लिहिली. टीप यंत्रासाठी नसते, ती माणसांनी वाचायची असते. तिने लिहिले, "नाव एकच असले तरी ते कंसातच यावे." आणि मला ठेवून घेतले.

 जाता जाता मावशींनी पडद्यावरची धूळ पदराने पुसली आणि मला म्हणाल्या, "तू क्रम मोडला नाहीस गं, म्हणून मला वाचता आलं." एवढ्या वर्षांत माझ्याशी थेट बोललेले ते पहिलेच माणूस.

शिवणाच्या बाई त्या खोलीत एकूण चाळीस दिवस राहिल्या. बऱ्या झाल्या. घरी जायच्या दिवशी बहिणीचा हात धरून त्या स्वयंपाकघरात आल्या. मावशींना त्यांनी स्वतः शिवलेला एक स्वयंपाकाचा ॲप्रन दिला. मग हळूच म्हणाल्या, "मला ती यादी बघायला मिळेल का? जिच्यात माझं नाव होतं ती."

ताईने सकाळची यादी पडद्यावर आणली. लांबच लांब, सरळ. बाईंनी चष्मा लावला आणि बोट वरून खाली नेत गेल्या. एका ठिकाणी बोट थांबले. त्यांच्या नावाच्या वर अकराव्या वॉर्डातला कुणी म्हातारा होता, खाली बाराव्या वॉर्डातली नुकतीच बाळंत झालेली एक मुलगी. त्यांनी ती दोन्ही नावे पुटपुटत वाचली, जणू शेजाऱ्यांची ओळख करून घेत होत्या.

"म्हणजे मी मधे होते होय!" त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, मी कुठेतरी कडेला आहे."

बहिणीने त्यांचा खांदा दाबला. फटाफटांनी चष्मा काढून विनाकारण पुसला.

मित्रांनो, मला जाग थोडी आणि झोप फार, त्यामुळे उपदेश करायची माझी पात्रता नाही. एवढीच विनंती आहे. तुम्हीही याद्या करता. खेळाला कोण कोण, सहलीला कोण कोण, वाढदिवसाला कोण कोण. घोळक्यातली नावे आपोआप येतात. त्यांची काळजी करू नका. एखादे नाव एकटे असेल, कोपऱ्यातल्या खोलीतले, घंटा वाजवायला लाजणारे, तर त्याच्यासाठी जरा थांबा आणि त्याला त्याची जागा नीट करून द्या. आम्हांला शिवणाच्या बाईंपर्यंत पोहोचायला एकतीस मिनिटे लागली. तुम्ही एवढा वेळ लावू नका.